रिपोर्टात १२, तरीही तोल जातोय: फिटच्या औषधाची रक्तातली पातळी कशी मोजतात

समजा, पन्नाशीच्या एक बाई आहेत. वीस वर्षं फिटसाठी फेनिटॉइन घेतात. आपल्याकडे बऱ्याच घरांत ते ‘एप्टॉइन’ या नावानेच ओळखलं जातं. मधे महिनाभर त्या अंथरुणाला खिळल्या, जेवण तुटलं, पायांवर सूज आली. आता उठून चालायला लागल्यात, तर पाऊल सरळ पडत नाही, बोलताना जीभ जड होते, आणि नजर बाजूला वळवली की बुबुळं थरथरतात. डॉक्टर रक्तातली औषधाची पातळी तपासायला सांगतात. रिपोर्ट येतो: १२ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर. शेजारच्या रकान्यात छापलेलं असतं १० ते २०. म्हणजे सगळं ठीक! मुलगा रिपोर्ट घेऊन प्रयोगशाळेच्या खिडकीशी परत येतो आणि विचारतो, ‘तुमचं मशीन बरोबर आहे ना?’

मशीन बरोबर आहे. आणि आईचा तोल जातोय तोही औषधामुळेच. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, हे कळायला त्या १२ आकड्याच्या पोटात शिरावं लागतं. मी या कामाकडे फार आस्थेने बघतो, कारण रक्ताच्या फार कमी तपासण्या अशा आहेत की ज्यांच्या एका आकड्यावर उद्या सकाळी किती गोळ्या घ्यायच्या ते ठरतं.

आधी हे सांगायला हवं की पातळी मोजायची गरज का पडते. तापाच्या किंवा दुखण्याच्या गोळीची पातळी आपण मोजत नाही, कारण ताप उतरला की नाही ते समजतंच. फिटचं तसं नसतं. दोन फिट्समध्ये सहा महिने गेले, तर ते औषधामुळे की योगायोगाने, हे सहा महिने थांबल्याशिवाय कळत नाही. शिवाय तेवढीच गोळी घेणाऱ्या दोन माणसांच्या रक्तात औषध वेगवेगळं साठतं.

फेनिटॉइनमध्ये आणखी एक खोडी आहे, आणि तीच या सगळ्या विषयाच्या मुळाशी आहे. बहुतेक औषधांचा डोस दुप्पट केला की रक्तातली पातळीही साधारण दुप्पट होते. फेनिटॉइनची होत नाही. गावातली पिठाची गिरणी डोळ्यांपुढे आणा. गिरणी तासाला वीस किलो दळते. तासाला दहा किलोचे डबे आले तर रांग लागत नाही. अठरा किलो आले तरी निभतं. पण एकोणीस, साडेएकोणीस किलो यायला लागले की थोडा खोळंबा झाला तरी रांग ओट्यावरून रस्त्यावर येते. यकृतातली जी विकरं, म्हणजे एन्झाइम्स, फेनिटॉइन दळतात, त्यांची क्षमता नेमकी उपचाराच्या पातळीजवळच संपत येते.

सरासरी माणसाचे आकडे धरून हिशेब मांडला तर असं दिसतं. रोज ३०० मिलिग्रॅमवर पातळी १० असेल, तर ३५० वर ती साडेसतराच्या आसपास जाते आणि ४०० वर थेट ४०. पहिल्या वाढीव ५० मिलिग्रॅमने आकडा साडेसातने चढला, तेवढ्याच पुढच्या ५० ने साडेबावीसने. प्रत्येकाची गिरणी वेगळी, त्यामुळे तुमचे आकडे हे नसतील, पण वळण हेच. म्हणून ‘आज फिट आली, एक गोळी जास्त घेऊन टाकू’ हे घरच्या घरी ठरवणं फेनिटॉइनच्या बाबतीत फार धोक्याचं आहे.

१९६८ मध्ये ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेन शहरात फिटचे रुग्ण एकाएकी लडखडायला लागले. डोस कुणीच बदललेला नव्हता. शोध घेतल्यावर कळलं की फेनिटॉइनच्या कॅप्सूलमध्ये भर म्हणून घालायची पूड कंपनीने बदलली होती. आधी कॅल्शियम सल्फेट होतं, आता लॅक्टोज. औषध तेवढंच, पण लॅक्टोजबरोबर ते आतड्यातून जास्त शोषलं जात होतं. कॅप्सूल तीच दिसत होती, तरी गिरणीवर रोज थोडं जास्त धान्य येत होतं. रक्तातली पातळी मोजण्याची सोय हाताशी होती म्हणून हे उलगडलं. मला वाटतं, या तपासणीची किंमत सांगायला याहून चांगलं उदाहरण नाही.

१० ते २० ही पट्टी आली कुठून? १९६० मध्ये कोपनहेगनमध्ये फ्रिट्झ बुख्थाल आणि सहकाऱ्यांनी रक्तातली पातळी, फिट्स आणि मेंदूचा आलेख यांचा संबंध मांडला. १९६४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये हेन कुट यांच्या गटाने विषबाधेची पायरी दाखवली: साधारण २० च्या वर बुबुळं थरथरायला लागतात, ३० च्या वर चाल बिघडते, ४० च्या वर माणूस सुस्त आणि गोंधळलेला होतो. आजही वॉर्डात नवे डॉक्टर हेच २०-३०-४० पाठ करतात.

त्या काळात मोजणं मात्र जिकिरीचं होतं. रक्तातून औषध द्रावकात ओढून घ्यायचं, मग त्यातून अतिनील प्रकाश सोडून किती शोषला ते बघायचं. अडचण अशी की फिनोबार्बिटोन, म्हणजे ज्याला लोक गार्डिनल म्हणतात, तेही तसाच प्रकाश शोषतं, आणि अनेक रुग्ण दोन्ही औषधं घेत. त्यावर एक नामी युक्ती निघाली. फेनिटॉइनला अल्कलीत पोटॅशियम परमँगनेटबरोबर उकळलं की त्याचं बेंझोफेनोन बनतं, आणि ते प्रकाश फार जोरात शोषतं. फिनोबार्बिटोनचं तसं काही होत नाही. मग वायू क्रोमॅटोग्राफी आली. त्यात औषधाची वाफ करून ती लांब नळीतून पाठवतात. अचूक, पण हळू, आणि कसबी हात लागणारी पद्धत.

खरा पालट १९७२ च्या सुमारास झाला. कॅलिफोर्नियातल्या सायवा कंपनीत केनेथ रुबेनस्टाइन आणि सहकाऱ्यांनी विकर आणि प्रतिपिंड (अँटिबॉडी, म्हणजे ठरावीक रेणूलाच धरून ठेवणारं प्रथिन) यांची जोडी लावून अशी चाचणी केली की थेंबभर सीरम (रक्त गोठल्यावर वेगळा होणारा पातळ भाग) पुरतं आणि काही मिनिटांत उत्तर मिळतं. आजही मोठ्या रुग्णालयांतली स्वयंचलित मशीनं याच जातीच्या चाचण्या चालवतात.

ती कशी चालते? एसटीची एक गाडी घ्या. जागा चाळीस. प्रत्येक जागेवर फेनिटॉइन नावाचाच प्रवासी बसू शकतो. या जागा म्हणजे प्रतिपिंड. आता प्रयोगशाळा स्वतःचे चाळीस प्रवासी आणते, तेही फेनिटॉइनच, पण प्रत्येकाच्या हातात शिट्टी दिलेली. नियम असा की बसला की शिट्टी बंद, उभा राहिला की वाजवत राहायचं. रुग्णाच्या रक्तात औषध नसेल तर चाळीसही जण बसतात, गाडी शांत. रक्तात भरपूर औषध असेल तर ते आधीच जागा अडवून बसतं, आपले शिट्टीवाले उभे राहतात आणि गाडी दणाणून जाते. आवाज जितका मोठा, तितकं रक्तात औषध जास्त.

प्रत्यक्षात ती शिट्टी म्हणजे औषधाला चिकटवलेलं एक विकर. प्रतिपिंड येऊन बसलं की ते काम करेनासं होतं. मोकळं राहिलं तर ते एनएडी या पदार्थाचं एनएडीएच करत राहतं, आणि एनएडीएच ३४० नॅनोमीटरचा प्रकाश शोषतं. मशीन तो प्रकाश मोजतं आणि ठाऊक पातळीच्या नमुन्यांवरून आधी काढून ठेवलेल्या रेषेशी ताडून आकडा देतं. पुढे यातच चमकणारा रंग लावून, प्रकाश सोडणारी रसायनं वापरून, किंवा द्रव गढूळ होण्याचा वेग मोजून वेगवेगळ्या कंपन्यांनी चाचण्या बनवल्या. गाभा सगळ्यांचा एकच: जागांसाठी चढाओढ.

आणि दोषही एकच. जागा प्रवाशाचा चेहरा बघून दिली जाते, ओळखपत्र बघून नाही. चेहऱ्याने सारखा कुणी आला तर तोही बसतो. फिट थांबत नाही अशा तातडीच्या वेळी फॉस्फेनिटॉइनचं इंजेक्शन देतात. शरीरात त्याचं फेनिटॉइन होतं, पण ते व्हायच्या आत रक्त काढलं तर काही चाचण्या न बदललेल्या फॉस्फेनिटॉइनलाही जागा देतात आणि आकडा फुगतो. म्हणून शिरेतून दिल्यावर निदान दोन तास आणि स्नायूत दिल्यावर चार तास थांबायचं असतं. लेव्हेटिरासिटाम या फिटच्या दुसऱ्या औषधाच्या चाचणीत त्याचंच भावंड ब्रिव्हारासिटाम असंच घुसतं. एकावरून दुसऱ्यावर औषध बदलत असताना पातळी पाठवलीत, तर हे प्रयोगशाळेला लिहून कळवा. नाहीतर येणारा आकडा दोघांची बेरीज असू शकतो.

कार्बामाझेपिन या फिटच्याच आणखी एका औषधाची गोष्ट आणखी बारीक आहे. शरीरात त्याचं एपॉक्साइड नावाचं रूप तयार होतं. तेही फिट रोखतं आणि तेही त्रास देतं. कार्बामाझेपिनच्या काही चाचण्या हे रूप जवळजवळ पूर्ण मोजतात, काही अजिबात मोजत नाहीत. एकाच नळीतलं रक्त दोन प्रयोगशाळांत गेलं तर दोन वेगळे आकडे येऊ शकतात, आणि दोघांचंही काम चोख असू शकतं. त्यामुळे मी नेहमी सांगतो, पातळी शक्यतो दर वेळी एकाच ठिकाणी करा.

ओळखपत्र बघणारी पद्धत म्हणजे क्रोमॅटोग्राफी. मिखाईल त्स्वेत या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पानांतला रंग खडूच्या पुडीने भरलेल्या नळीतून झिरपवला आणि हिरवे-पिवळे पट्टे वेगळे झालेले पाहिले. आजची एचपीएलसी, म्हणजे जोराच्या दाबाने द्रव नळीतून ढकलणारी क्रोमॅटोग्राफी, त्याचीच नात. तुळशीबागेतून तीन मैत्रिणी एकदम निघाल्या असं समजा. एकीला काहीच घ्यायचं नाही, ती सरळ पलीकडे पोचते. दुसरी दोन दुकानांत थांबते. तिसरीला प्रत्येक बांगडीवाल्यापाशी थांबायचंय, ती शेवटी येते. नळीही तशीच असते. पोलादाची, वीतभर लांब, आत काही मायक्रोमीटर जाडीचे सिलिकाचे कण ठासून भरलेले, आणि त्या कणांवर अठरा कार्बनच्या साखळ्यांचं तेलकट अस्तर. ज्या औषधाला तेलकटपणा जास्त आवडतो ते नळीत रेंगाळतं.

नमुन्याची तयारी स्वयंपाकघरातल्यासारखीच वाटते. सीरममध्ये ॲसिटोनायट्राइल हे द्रावक घातलं की प्रथिनं दूध फाटावं तशी फाटतात. सेंट्रिफ्यूजमध्ये, म्हणजे गरगर फिरवणाऱ्या यंत्रात, फिरवलं की चोथा खाली बसतो, आणि वरची निवळ नळीत सोडायची. त्याआधी, अगदी पहिल्या पायरीला, रुग्णाच्या शरीरात असूच शकत नाही असा एक पदार्थ ठरावीक प्रमाणात मिसळतात. पुढे कुठे थोडं सांडलं, कुठे नळीच्या कडेला चिकटून राहिलं, तर औषध आणि हा सोबती दोघेही सारख्याच प्रमाणात कमी होतात. शेवटी बघायचं ते दोघांचं गुणोत्तर. मापातली चूक आधीच गृहीत धरून तिच्यावर इलाज करायची ही युक्ती मला या शास्त्रातली सगळ्यात प्रामाणिक गोष्ट वाटते.

नळीच्या पलीकडच्या तोंडाशी अतिनील प्रकाशाचा शोधक असतो. औषध आलं की पडद्यावर शिखर उमटतं: कितव्या मिनिटाला आलं यावरून कोण, आणि शिखर किती मोठं यावरून किती. फिनोबार्बिटोन, फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, त्याचं एपॉक्साइड, लॅमोट्रिजिन हे सगळे एकाच फेरीत मोजता येतात. चार औषधं घेणाऱ्या रुग्णासाठी ही मोठी सोय आहे. व्हॅल्प्रोएट हे फिटचं औषध मात्र इथे दगा देतं. त्याची रचना इतकी साधी आहे की ते हा प्रकाश नीट शोषतच नाही. म्हणून त्याच्यासाठी वायू क्रोमॅटोग्राफी किंवा प्रतिपिंडांची चाचणी वापरतात.

सगळ्यात वरची पायरी म्हणजे नळीच्या पुढे दोन मास स्पेक्ट्रोमीटर एकापुढे एक जोडायचे. रेणूवर विद्युतभार चढवायचा, त्याचं वजन करायचं, मग त्याचे तुकडे करायचे आणि तुकड्यांचंही वजन करायचं. कार्बामाझेपिन २३७ वजनाला येतं, आणि त्याचा मोठा तुकडा १९४ ला. वाटतं की आता फसवणूक शक्यच नाही. पण फेनिटॉइन, कार्बामाझेपिनचं एपॉक्साइड आणि ऑक्सकार्बाझेपिन या तिघांचं रासायनिक सूत्र एकच आहे: पंधरा कार्बन, बारा हायड्रोजन, दोन नायट्रोजन, दोन ऑक्सिजन. तिघंही काट्यावर २५३ दाखवतात! फेनिटॉइन त्याच्या १८२ च्या तुकड्यावरून वेगळं ओळखू येतं. उरलेल्या दोघांचा मुख्य तुकडाही एकच, १८०. त्यांना वेगळं करायला शेवटी ती तुळशीबागच लागते. एवढं महागाचं यंत्र आणूनही नळी नीट लावणाऱ्या माणसाचं कसब सुटत नाही.

आता त्या बाईंकडे परत येऊ. रक्तातलं फेनिटॉइन सुमारे ९० टक्के अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटलेलं असतं. चिकटलेलं औषध मेंदूपर्यंत जात नाही. काम करतं ते मोकळं १० टक्के. नेहमीच्या चाचण्या दोन्हींची बेरीज सांगतात. अल्ब्युमिन साधारण ४ ग्रॅम प्रति डेसिलिटर असताना बेरीज १० ते २० म्हणजे मोकळं औषध १ ते २, आणि सगळं जुळतं. बाईंचं अल्ब्युमिन आजारपणात २ वर आलं होतं. चिकटायला जागाच कमी, म्हणून बेरीज दिसते १२, पण त्यातला मोकळा वाटा दुपटीच्या घरात गेलेला. यासाठी शायनर आणि टोझर यांचं एक सूत्र आहे: मोजलेली पातळी भागिले (अल्ब्युमिन गुणिले ०.२, अधिक ०.१). १२ भागिले ०.५, म्हणजे २४. बुबुळं का थरथरत होती ते उमगलं.

हे सूत्र अंदाज आहे. किडनी अगदी निकामी झालेली असेल, किंवा जोडीला व्हॅल्प्रोएट चालू असेल, तर त्यावर विसंबता येत नाही. व्हॅल्प्रोएट तर फेनिटॉइनला अल्ब्युमिनवरून ढकलतं आणि वर यकृतातली गिरणीही मंदावतं. अशा वेळी मोकळं औषधच मोजावं. सीरम अतिशय बारीक छिद्रांच्या गाळणीतून सेंट्रिफ्यूजने गाळतात. प्रथिनं वर अडकतात, मोकळं औषध पाण्याबरोबर खाली येतं, आणि तेवढंच मोजतात. ही तपासणी सगळीकडे होत नाही, पण अल्ब्युमिन कुठेही होतं आणि स्वस्तात होतं. फेनिटॉइनच्या पातळीबरोबर ते मागवलंच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

नळीत रक्त जाण्याआधीच्या चुका मशीनला दिसत नाहीत. पिवळ्या झाकणाच्या नळीत तळाशी जेल असतं. रक्त त्यात बराच वेळ राहिलं तर काही जेल फेनिटॉइन आणि कार्बामाझेपिन शोषून घेतात आणि आकडा खोटा कमी येतो. म्हणून साधी, जेल नसलेली लाल झाकणाची नळी बरी. लेव्हेटिरासिटामचं रक्त तसंच पडून राहिलं तर रक्तातली विकरं औषध मोडतात, म्हणून सीरम लवकर वेगळं करावं लागतं. आणि वेळ! व्हॅल्प्रोएट बहुतेकांच्या शरीरातून ९ ते १६ तासांत निम्मं उतरतं. सकाळी गोळी घेऊन दोन तासांनी आलात तर शिखर मोजलं जाईल. मोजायचा असतो तळ, म्हणजे सकाळच्या गोळीआधीचा आकडा. गोळी बुडवायची नाही, डबीत बरोबर आणायची आणि रक्त दिल्या दिल्या घ्यायची. फिनोबार्बिटोन मात्र इतकं सावकाश उतरतं की वेळेने फारसा फरक पडत नाही, पण डोस बदलल्यावर पातळी स्थिर व्हायला जवळपास तीन आठवडे जातात.

प्रयोगशाळांचंही मोजमाप होतं. १९७६ मध्ये अमेरिकेत चार्ल्स पिपेंजर आणि सहकाऱ्यांनी एकच नमुना अनेक प्रयोगशाळांना पाठवला, तेव्हा उत्तरांतली तफावत धक्कादायक निघाली. तिथून पुढे बाहेरून नमुने पाठवून तपासणाऱ्या योजना रूढ झाल्या. आपल्याकडे वेल्लोरचं ख्रिश्चन मेडिकल कॉलेज प्रयोगशाळांसाठी अशी योजना चालवतं. मुंबईत केईएम रुग्णालयाच्या क्लिनिकल फार्माकॉलॉजी विभागात औषधांच्या पातळ्या मोजून त्यांचा अर्थ लावायची सेवा आहे. नुसता आकडा देण्यापेक्षा हे फार मोलाचं आहे. परदेशातल्या नातेवाइकांचा रिपोर्ट बघताना एककाकडे लक्ष द्या. कॅनडात फेनिटॉइन मायक्रोमोल प्रति लिटरमध्ये देतात. तिथले ४८ म्हणजे आपले १२.

लॅमोट्रिजिनबद्दल एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण ती बऱ्याच घरांना उशिरा कळते. त्याच्यासाठी साधारण ३ ते १५ अशी पट्टी छापतात, पण कुणी ४ वर वर्षानुवर्षं फिटशिवाय राहतं, कुणाला १२ लागतात. गरोदरपणात शरीर हे औषध इतक्या झपाट्याने बाहेर टाकतं की तोच डोस असूनही पातळी निम्म्यावर, कधी त्याहूनही खाली येते, आणि थांबलेल्या फिट्स परत येतात. त्या वेळी डॉक्टरांना हवा असतो तो त्या बाईचा स्वतःचा, गरोदरपणाआधीचा, फिट नसतानाचा आकडा. म्हणून मूल हवं असेल तर आधीच एकदा सकाळच्या गोळीआधी पातळी करून तो कागद फाइलला लावून ठेवावा. नंतर ठरावीक अंतराने मोजून डोस त्या आकड्यापर्यंत चढवत नेतात. बाळंतपणानंतर पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच शरीर पूर्ववत होतं आणि पातळी भराभर वर जाते. तेव्हा डोस किती आणि कोणत्या दिवसापासून उतरवायचा, हे डॉक्टरांकडून नववा महिना संपायच्या आत लिहून घ्यावं.